पाचाच्या पुढे जायचं नाही

कॉम्प्युटर शिकायला आलेला मुलगा पहिल्या सत्रात यंत्राला जे प्रश्न विचारतो, त्यांतल्या प्रत्येकाचं उत्तर त्याला शाळेतच माहीत झालेलं असतं. आठ सम की विषम? सात मूळ संख्या आहे का? दोन आकड्यांत मोठा कोणता? १२१ उलटा वाचला तर किती होतो? ज्याला उत्तर येतं त्याने, ज्याला येत नाही त्याला ते शिकवायचं, मग त्यालाच विचारायचं आणि उत्तर बरोबर आलं की स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची, असा हा एकूण व्यवहार. अभ्यासक्रमात याला 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' म्हणतात. प्रॉब्लेम नेमका कुणाला होता, हे अभ्यासक्रम सांगत नाही.

आमच्या कॉलेजात ही प्रॅक्टिकलं मी घेतो. यादी वर्षानुवर्षं तीच. पहिला प्रोग्राम 'हॅलो वर्ल्ड'. कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ साली आलं, त्यातल्या पहिल्याच प्रोग्रामने जगाला नमस्कार केला आणि तेव्हापासून हा शिष्टाचार पडला. दर जूनमध्ये आमची साठ मुलं जगाला नमस्कार घालतात. जग काही ओ देत नाही. ओ देतो कंपायलर, आणि तो म्हणतो की अर्धविराम राहिलाय. राहिलेला असतो सातव्या ओळीत, बोट दाखवतो आठवीकडे. मुलगा बिचारा आठवी ओळ खोडतो, पुन्हा लिहितो, पुन्हा खोडतो. सातवीकडे तो बघत नाही, कारण तिची कुणी तक्रारच केलेली नसते.

हे सगळं चालतं टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. हे सॉफ्टवेअर १९८७ साली बाजारात आलं, म्हणजे आमच्या मुलांच्या आईवडिलांची तेव्हा शाळा चालू होती. आजच्या विंडोजवर ते धड उभं राहत नाही, म्हणून त्याला डॉसबॉक्स नावाच्या डबीत बसवून चालवावं लागतं. फाईलला नाव दिलं नाही, तर टर्बो सी आपणहून तिचं बारसं करतं, 'नोनेम झिरो झिरो'. लॅबमधल्या निम्म्या मुलांचं आयुष्यातलं पहिलं सॉफ्टवेअर याच नावाने जन्माला येतं. लॅबचे मामा संध्याकाळी पीसी बंद करताना विचारतात, "सर, हे नोनेम कुणाचं? ठेवू का उडवू?" कुणी हात वर करत नाही.

आता जर्नल. प्रोग्राम मशीनवर चालला काय, न चालला काय, जर्नलमध्ये तो चाललाच पाहिजे. उजव्या, रेघांच्या पानावर प्रोग्राम आणि डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चौकट आखून आत आउटपुट. आमच्याकडचं जर्नल लग्नातल्या आहेराच्या साडीसारखं घरोघर फिरतं. मागच्या वर्षीच्याने यंदाच्याला दिलेलं, त्याला त्याच्या आधीच्याने. त्यामुळे प्रोग्राम तर तेच राहतातच, पण त्यांना घातलेल्या संख्यासुद्धा पिढीजात झाल्या आहेत. सम-विषम म्हटलं की ८ आणि ७. लीप वर्ष म्हटलं की २००४. मूळ संख्या म्हटलं की पुन्हा ७. आणि फॅक्टोरियल, म्हणजे शाळेच्या भाषेत क्रमगुणित, म्हटलं की इनपुट ५, आउटपुट १२०. पाचाशिवाय दुसऱ्या संख्येला क्रमगुणित असतं, यावर आमच्या बऱ्याच मुलांचा विश्वास नाही.

एकदा एका बॅचला मी म्हटलं, "सहा घाला." ७२० आले. "सात?" ५०४०. "आठ?" पडद्यावर उमटलं उणे २५२१६.

आख्खी लॅब गप्प झाली. एक ते आठ या आठ धन संख्यांचा गुणाकार ऋण आला होता. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, व्हायरस आलाय."

व्हायरस बियरस काही नव्हता. टर्बो सीमधला 'इंट' सोळा बिटांचा, म्हणजे ३२७६७ पर्यंतच त्याचा हात पोचतो. आठाचं खरं क्रमगुणित ४०३२०. ते मापात मावत नाही, म्हणून यंत्र त्यातून ६५५३६ वजा करतं आणि उरलेलं उणे २५२१६ निर्विकार चेहऱ्याने समोर ठेवतं. चूक झाली, माफ करा, असलं काही नाही. पुढे तर आणखी बहार. नवाचं उत्तर उणेच, दहाचं पुन्हा धन, पण साफ चुकीचं. सतरापर्यंत असा आट्यापाट्यांचा खेळ चालतो आणि अठराला उत्तर येतं शून्य. त्यानंतर एकोणीस घाला, पन्नास घाला, शून्यच. अठराच्या क्रमगुणितात दोन हा अवयव बरोबर सोळा वेळा येतो आणि सोळा बिटांच्या घरात नेमके तेवढे बिट पुसले जातात, एवढंच त्याचं कारण. पण 'अठरा पूर्ण झाले की सगळं शून्य' हा शोध नुकत्याच मतदार झालेल्या मुलांना फार पटला. बॅचमध्ये एवढं मनापासून हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पाच घालून ज्या प्रोग्रामने वर्षानुवर्षं दहा मार्क मिळवून दिले, तो आठ घालताच बोलायला लागला.

मग आम्हाला नादच लागला. जर्नलमधला प्रत्येक आकडा जरा पुढे सरकवून पाहायचा.

सम-विषमचा प्रोग्राम म्हणजे यादीतला सर्वांत गरीब. संख्येला दोनने भागा, बाकी एक उरली तर विषम, नाहीतर सम. ८ घातला, सम. ७ घातला, विषम. आता उणे ७ घाला. यंत्र म्हणतं, सम! सी भाषेत उणे सातला दोनने भागल्यावर बाकी उरते उणे एक. ती काही एक नाही, सबब विषम नाही, सबब सम. तर्कात कुठे बोट ठेवायला जागा नाही. हाच हिशेब पायथॉनला विचारला तर तो बाकी धन एक सांगतो आणि उणे सातला विषमात बसवतो. म्हणजे संख्या तीच, दोन भाषांत दोन गोत्रं. 'बाकी एक आहे का' असं विचारण्याऐवजी 'बाकी शून्य आहे का' असं विचारलं की दोन्हीकडे भांडण मिटतं. पण तसं विचारायचं सुचायला आधी कुणीतरी उणे सात घालायला हवा.

तापमानाचं तर विचारूच नका. फॅरनहाइटमधून बत्तीस वजा करायचे, पाच नवमांशाने गुणायचं, की सेल्सिअस मिळालं. जर्नलमध्ये पाचाच्या पुढे एक टिंब आणि शून्य असतं. एका मुलीला ते टिंब पेनाची शाई सांडल्याचं वाटलं आणि तिने ते शून्यासकट गाळलं. आता यंत्राच्या दृष्टीने पाच पूर्णांक, नऊ पूर्णांक. पाचात नऊ किती वेळा? शून्य वेळा. पुढे कशानेही गुणा. नागपूरच्या मे महिन्यातले ११३ अंश फॅरनहाइट, जे खरे ४५ सेल्सिअस, ते तिच्या पडद्यावर ० आले. महाबळेश्वर ०, चंद्रपूर ०, उकळतं पाणीही ०. महाराष्ट्राचं हवामान एवढं एकसारखं याआधी कधी नव्हतं.

लीप वर्षाचंही तसंच. चाराने भाग गेला की लीप, एवढंच शाळेत शिकलेलं पुरतं, कारण सगळे २००४ घालतात. पण शंभराने भाग जात असेल तर लीप नाही, आणि तरीही चारशेने जात असेल तर आहे, अशी पोटकलमं पुढे आहेत. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. "सर, २१०० साली आपण कुठे असणार आहोत?" असा व्यवहारी प्रश्न दरवर्षी येतो. त्यावर मी मोरारजी देसाईंचा दाखला देतो. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले मोरारजीभाई २९ फेब्रुवारी १८९६ रोजी जन्मले. चार वर्षांनी वाढदिवस यायला हवा होता, तर १९०० आडवं आलं. त्यांच्या जन्मतारखेने कॅलेंडरमध्ये पुन्हा तोंड दाखवलं ते थेट १९०४ साली, पोर आठ वर्षांचं झाल्यावर. पोटकलमांचा एवढा त्रास पुढे राजकारणातही त्यांना क्वचितच झाला असेल.

यादीच्या दुसऱ्या पानावर संख्यांचा सत्कार समारंभ सुरू होतो. काही संख्या परिपूर्ण. स्वतःखेरीज बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज केली की पुन्हा तीच संख्या येते. ६ चे विभाजक १, २, ३, बेरीज ६. पुढची २८, मग ४९६, मग ८१२८. दहा हजारांच्या आत परिपूर्ण म्हणाव्या अशा चारच, आणि चारही सम. विषम असून परिपूर्ण अशी एकही आजवर सापडलेली नाही, तशी असूच शकत नाही हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. काही संख्या मित्र. २२० च्या विभाजकांची बेरीज २८४ आणि २८४ च्या विभाजकांची बेरीज २२०. एकमेकांचं सगळं एकमेकांकडे.

आणि मग येतो आर्मस्ट्राँग नंबर. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले एक्स्टर्नल साहेब हा प्रश्न हमखास विचारतात.

"आर्मस्ट्राँग नंबर म्हणजे काय?"

"सर, एकशे त्रेपन्न."

"अहो, म्हणजे काय?"

"म्हणजे... वन फिफ्टी थ्री, सर."

"आर्मस्ट्राँग कोण?"

"चंद्रावर गेलेला, सर."

एक्स्टर्नल साहेब मान हलवून पुढच्या मुलाकडे वळतात. चंद्रावरच्या आर्मस्ट्राँगचा इथे काही संबंध नाही, पण कोणाचा आहे हे साहेब सांगत नाहीत, त्यामुळे दोघांचीही इभ्रत राहते. तर, १५३ मधल्या अंकांचे घन करा, १, १२५ आणि २७. बेरीज १५३. तीन अंकांत अशा चारच, १५३, ३७०, ३७१ आणि ४०७. चार अंकी असेल तर घनाऐवजी चौथा घात, पाच अंकी असेल तर पाचवा, असं करत गेलात तर दशमान पद्धतीत अशा संख्या सगळ्या मिळून ८८ भरतात आणि शेवटची ३९ अंकी आहे. तिथे यादी संपते. एवढा विस्तार असताना आमच्या जर्नलांत आजवर १५३ सोडून कुणी आत शिरलेलं नाही.

इंग्लंडचे गणिती हार्डी यांनी १९४० साली आपल्या पुस्तकात नेमक्या याच चार संख्या घेऊन सांगितलं, की हे वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला त्यात रस वाटावा असं काही नाही. त्यांनी नाकारलेलं उदाहरण आमच्या यादीत तेवढं अनिवार्य झालं. हार्डींचं तसं संख्यांच्या बाबतीत नशीबच आडवं होतं. आजारी रामानुजनना भेटायला जाताना टॅक्सीचा नंबर १७२९ होता, तो नीरस वाटला असं ते म्हणाले आणि पलंगावरून रामानुजननी सांगितलं, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे. एकाचा घन अधिक बाराचा, किंवा नवाचा अधिक दहाचा. त्यात आणखी एक गंमत आहे. १७२९ च्या अंकांची बेरीज १९, आणि १७२९ म्हणजे बरोबर १९ गुणिले ९१. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो अशा संख्येला म्हणतात हर्षद, आनंद देणारी. हे नाव ठेवणारा माणूस आमच्या नाशिक जिल्ह्यातला.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. शिक्षण पुण्यात, फर्ग्युसनला. मग देवळालीला शाळामास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. हातात पदव्युत्तर पदवी नाही, यंत्र नाही, अनुदान नाही. होता तो कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं वेड. जे प्रोग्राम आम्ही मार्कांसाठी घोकतो, ते हा माणूस हौसेखातर हाताने चालवायचा, आणि आउटपुट आलं म्हणून थांबायचा नाही. ४५ चा वर्ग २०२५, तोडला तर २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. इथे बाकीचे लोक 'अरे वा' म्हणून चहाला गेले असते. कापरेकर ५५, ९९, २९७ असे पुढे पुढे गेले आणि अशा संख्यांना आज जगभर त्यांचं नाव आहे. काही संख्यांना त्यांनी आगगाडीच्या स्टेशनचं नाव दिलं, डेम्लो, म्हणजे आपलं आजचं डोंबिवली. डोंबिवलीला गाडी बदलताना माणसाच्या तोंडून काय काय निघतं ते आपण जाणतोच. त्यांना तिथे गणित सुचलं. आपल्याकडे बऱ्याच विद्वानांना हे गणित वाटत नव्हतं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा देवळालीचे मास्तर परदेशात प्रसिद्ध झाले. कोड्याचंच सदर होतं ते. हार्डींचं म्हणणं तेवढं खरं झालं.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४९ चा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि तिथेच अडकता. कापरेकरांचं जन्मवर्षच घेऊन पाहा. ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातवी ६१७४. मास्तरांच्या जन्मसालाने नियमाची पुरती सातही पावलं वापरली. वर १९०५ च्या अंकांची बेरीज १५ आणि १५ गुणिले १२७ बरोबर १९०५, म्हणजे साल स्वतःच हर्षद. पंचांगवाल्याने मुहूर्त काढूनसुद्धा एवढं जुळलं नसतं.

मध्यंतरी पायथॉनच्या बॅचला मी एक प्रोग्राम यादीबाहेरचा दिला होता, आकडा मराठीत अक्षरी लिहा. इंग्रजीत शून्य ते नव्व्याण्णवसाठी २८ शब्द पाठ असले की काम भागतं, बाकी सगळं जोडकाम. मराठीत शंभर आकड्यांना शंभर नावं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी सुटसुटीत रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि तो विधानसभेपर्यंत कसा गेला, हे सर्वांना आठवत असेल. माझ्या वर्गात मात्र त्या वादाचा निकाल एका तासात लागला. "सर, अडुसष्ट म्हणजे सिक्स्टी एट का सेव्हंटी एट?" असं विचारणारी मुलं एका बाजूला आणि आजीला फोन लावून शंभर नावं उतरवून घेणारी दुसऱ्या बाजूला. एका हुशार मुलाने शॉर्टकट काढला. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी, म्हणजे पुढच्या दशकाला 'एकोण' लावायचं. अडीच ओळींत नऊचं सगळं घराणं बसवलं आणि प्रोग्राम चालवला. शेवटी पडद्यावर आलं 'एकोणशंभर'. नियम बिनतोड होता. मराठीलाच तो शेवटच्या पायरीवर पाळायचा कंटाळा आलेला.

हल्ली हे सगळं फोनमधलं एआय दोन सेकंदांत लिहून देतं, उणे सातसकट आणि पोटकलमांसकट. त्यामुळे मुलाने स्वतः लिहिलेला प्रोग्राम ओळखायची एकच खूण उरली आहे, त्यात चूक असते. एखाद्या प्रोग्राममध्ये आठाचं क्रमगुणित उणे येत असेल, तर तो पोरगा प्रामाणिक आहे असं खुशाल समजावं आणि पूर्ण मार्क द्यावेत. एक्स्टर्नल साहेबांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, आउटपुट बरोबर हवं, म्हणजे जर्नलमधल्यासारखं हवं. पाच घाला, एकशेवीस आणा, सही घ्या, पुढचा रोल नंबर.

गेल्या परीक्षेला या साहेबांच्या समोर एक मुलगा आला. कापरेकरांचा प्रोग्राम त्याने घरून करून आणला होता. चार अंकी संख्या घातली, उत्तर ६१७४. साहेबांनी स्वतःच्या गाडीचा नंबर सांगितला, त्याचंही उत्तर ६१७४. साहेब खूश झाले, सहीसाठी पेनाचं टोपणही काढलं. तेवढ्यात पोराच्या अंगात आलं आणि त्याने विचारलं, "सर, पाच अंकी घालू?"

मी डोळ्यांनी नको नको म्हणत होतो, कारण पाच अंकांत असं एकही मुक्कामाचं ठिकाण नाही. तिथे संख्या ठराविक फेऱ्यांत सापडतात आणि गरगर फिरत राहतात, आणि प्रोग्रामला तर उत्तर एका जागी थांबेपर्यंत चालायला सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "घाला." त्याने घातली. पडद्यावरून आकडे धावायला लागले, ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४, पुन्हा ६१९७४. साहेबांनी चष्मा पुसला. दोन मुलांची तोंडी परीक्षा उरकली, चहा आला, चहा संपला, मामा कप घेऊन गेले.

शेवटी साहेबांनी मार्कांचा तक्ता पुढे ओढला आणि विचारलं, "आउटपुट कुठे आहे?"

"येतंय, सर," मुलगा म्हणाला. "अजून चालू आहे."